ओहम मास्तर आणि तांब्याच्या आठ तारा

मुलांनो, घरी पाणी उकळायची केटल असेल तर तिच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचा. (उलटी करण्याआधी प्लग काढा आणि पाणी ओतून टाका, म्हणजे आईची बोलणी बसणार नाहीत.) पट्टीवर दोन आकडे असतात, एक व्होल्टचा आणि एक वॅटचा. समजा, तुमच्या केटलवर २३० व्होल्ट आणि २३०० वॅट लिहिले आहे. २३०० ला २३० ने भागले की १० येतात. म्हणजे केटल चालू असताना तिच्यातून १० अँपिअर प्रवाह वाहतो. आता २३० ला त्या १० ने भागा. २३ आले. हा केटलमधल्या तापणाऱ्या कॉइलचा रोध, २३ ओहम.

दोन भागाकार आणि दोन ओळी. सेकंडरीच्या वर्गात हे एका तासात शिकवून होते आणि परीक्षेत त्याला दोन-तीन मार्क मिळतात. यातला दुसरा भागाकार ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्याला तो हाती लागला तेव्हा तो छत्तीस वर्षांचा शाळामास्तर होता. त्यापायी त्याने हातची नोकरी सोडली, आणि त्याचे म्हणणे खरे आहे हे मोठ्या विद्वानांनी मान्य करायला आणखी पंधरा वर्षे गेली. त्याची ही हकीकत.

त्याचे पूर्ण नाव गेऑर्ग सिमोन ओहम. आपल्या पुस्तकांत जॉर्ज सायमन असे लिहितात, ते इंग्रजी वळण. जर्मन माणसे त्याच्या आडनावातला ‘ह’ उच्चारीत नाहीत, ‘ओम’ असेच म्हणतात. आपल्या ॐकाराशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव लक्षात ठेवायला सोपे जाते.

गेऑर्गचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या गावी झाला. हे गाव आजच्या जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात आहे. आपल्याकडे पुण्यात तेव्हा सवाई माधवराव पेशवे गादीवर होते, आणि रॅफल्सचे जहाज सिंगापूरला लागायला अजून तीस वर्षे होती. गेऑर्गचे वडील योहान वोल्फगांग हे कुलुपे बनवणारे कारागीर. सात भावंडांपैकी मोठी झाली ती तिघेच: गेऑर्ग, धाकटा मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आई वारली.

या वडिलांबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. ते शाळा फारशी शिकलेले नव्हते. पण दिवसभर कानस आणि हातोडा चालवून झाल्यावर ते स्वतः पुस्तके वाचून गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकले, आणि मग तेच आपल्या मुलांना घरी शिकवू लागले. गावच्या शाळेत लॅटिन-ग्रीक पाठांतरावरच भर होता. खरे गणित मुलांना घरातच मिळाले. एर्लांगेनच्या विद्यापीठातले लांग्सडोर्फ नावाचे प्राध्यापक एकदा पंधरा वर्षांच्या गेऑर्गची परीक्षा घ्यायला बसले आणि चकित झाले. स्वित्झर्लंडमध्ये बेर्नुली नावाचे एक घराणे होऊन गेले, ज्यात एकामागून एक मोठे गणिती निपजले. कुलूपवाल्याच्या घरातली ही दोन भावंडे त्या घराण्याच्या तोडीची निघतील, असे त्या प्राध्यापकांचे मत पडले. धाकटा मार्टिन पुढे खरोखरच बर्लिनला गणिताचा प्राध्यापक झाला. गेऑर्गची वाट मात्र वाकडी-तिकडी निघाली.

१८०५ साली तो एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि अभ्यास सोडून बाकी सगळ्यात रमला. नाच, बिलियर्ड्स, हिवाळ्यात बर्फावरचे स्केटिंग. वडिलांना हे कळले तेव्हा ते भयंकर संतापले. आपल्याला जी संधी मिळाली नाही ती मुलगा वाया घालवतो आहे, हे त्यांना सहन होईना. दीड वर्षात शिक्षण थांबले आणि १८०६ च्या सप्टेंबरमध्ये सतरा वर्षांच्या गेऑर्गची रवानगी स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत झाली, गणित शिकवायला! पुढे काही काळ त्याने नशातेल येथे खाजगी शिकवण्याही केल्या. लांग्सडोर्फ तोवर हायडेलबर्गला गेले होते. त्यांच्या मागे तिकडे जायची गेऑर्गची इच्छा होती, पण त्यांनी सल्ला दिला की इकडे येऊ नकोस. ऑयलर, लाप्लास यांची पुस्तके घे आणि आपली आपण वाच. गेऑर्गने तेच केले. १८११ मध्ये तो गावी परतला आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला त्याला डॉक्टरेट मिळाली. वडिलांचा राग तेव्हा गेला असावा.

डॉक्टरेट मिळाली तरी पोटापाण्याचे काय? विद्यापीठात दीड वर्ष शिकवले, पण त्या पगारात भागेना. १८१३ मध्ये बाम्बेर्ग गावच्या एका सुमार शाळेत नोकरी धरली. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली. या कंटाळवाण्या वर्षांत त्याने भूमितीचे एक पुस्तक लिहिले आणि त्याची प्रत थेट प्रशियाच्या राजाला पाठवून दिली. ही युक्ती बरी लागू पडली. १८१७ मध्ये त्याला कोलोन शहरातल्या जेझुइट शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी बोलावणे आले. शाळा चांगली होती, आणि मुख्य म्हणजे तिथे उपकरणांनी भरलेली प्रयोगशाळा होती. कुलूपवाल्याच्या मुलाला तिथे काय हवे होते ते मिळाले. लहानपणी वडिलांच्या हाताखाली धातूकाम शिकलेले असल्यामुळे जे उपकरण नव्हते ते तो स्वतः बनवू शकत होता.

आता त्या काळी विजेबद्दल काय माहीत होते ते थोडक्यात पाहू. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली विद्युतघट तयार केला होता, म्हणजे आपली बॅटरी. तारेतून वीज वाहत असली की जवळची होकायंत्राची सुई वळते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० साली दाखवले होते. फ्रान्सच्या अँपिअरने त्यावर मोठे काम केले. पण कोणती तार जोडली की किती वीज वाहील, हे आधी सांगता येत नव्हते. व्होल्ट, अँपिअर, ओहम ही मापे तर जन्मालाच आली नव्हती. स्वयंपाकघरात वाटी, चमचा, तराजू काहीच नसताना पदार्थाचे प्रमाण लिहायला बसावे, तसा हा प्रकार.

आपण पाण्याचे उदाहरण घेऊ. गच्चीवर टाकी आहे आणि खाली नळ आहे. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर जास्त, हा दाब. विजेत तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून दर सेकंदाला किती पाणी येते, तो प्रवाह. विजेत तो अँपिअरमध्ये. आणि पाइप जितका लांब व बारीक तितकी पाण्याला अडवणूक जास्त, हा रोध. तांब्याच्या तारेचेही असेच. तार लांब झाली की रोध वाढतो आणि जाड झाली की कमी होतो. दुप्पट लांबीला दुप्पट रोध, दुप्पट छेदाला निम्मा.

ओहमने १८२५ मध्ये प्रयोग सुरू केले ते याच प्रश्नावर. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडायच्या आणि सुईवर विजेचा जोर किती उमटतो ते पाहायचे. घाईघाईने त्याने त्या वर्षी एक निबंध छापलाही, आणि त्यातले सूत्र चुकीचे निघाले. दोष गणिताचा नव्हता. त्या काळचे विद्युतघट फार लहरी होते. वीज वाहू लागली की त्यांचा दाब घसरत जाई. एक तार मोजून दुसरी जोडेपर्यंत घटच बदललेला असे. दाब हलत असताना प्रवाह आणि लांबी यांचे नाते कसे सापडणार?

यावर तोडगा सुचवला तो पोगेनडोर्फ या संपादकाने. झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाने थोड्याच वर्षांपूर्वी एक वेगळी गोष्ट शोधली होती. दोन निरनिराळ्या धातूंचे तुकडे टोकांशी जोडले, एक जोड गरम ठेवला आणि दुसरा थंड, तर त्यातून वीज वाहते. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांची अशी जोडी बनवली. एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. उकळते पाणी म्हणजे १०० अंश, वितळता बर्फ म्हणजे ० अंश. पाणी उकळत आहे आणि बर्फ शिल्लक आहे तोवर दोन्ही जागचे हलत नाहीत. त्यामुळे विजेचा दाबही जागचा हलत नाही. दाब अगदी थोडा मिळे, पण स्थिर मिळे, आणि ओहमला तेच हवे होते. मला स्वतःला त्याच्या सगळ्या कामात हा भाग सर्वात आवडतो. सूत्र कोणीही लिहील; पण आधी एक गोष्ट स्थिर धरली पाहिजे, तेव्हा दुसरी मोजता येते, हे त्याने हातांनी करून दाखवले.

१८२६ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, त्याने मोजमापे घेतली. सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. लांबी इंचात अशी: २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३०. एकेक तार जोडायची, चुंबकाची सुई वळली की ती ज्या धातूच्या पट्टीला टांगली आहे ती पट्टी उलट पिळून सुई पुन्हा जागेवर आणायची, आणि किती पीळ द्यावा लागला ते लिहून ठेवायचे. जितका पीळ तितका प्रवाह. पहिल्या दिवशी २ इंचाच्या तारेला ३२६ आणि पाऊण असे माप आले आणि १३० इंचाच्या तारेला साडेअठ्ठेचाळीस.

इथे जरा थांबा आणि पेन्सिल घ्या. १३० इंच म्हणजे २ इंचाच्या पासष्टपट. मग प्रवाह पासष्टावा हिस्सा व्हायला हवा होता. ३२६ आणि पाऊणचा पासष्टावा हिस्सा म्हणजे जेमतेम ५. पण आले साडेअठ्ठेचाळीस, म्हणजे सातव्या हिश्श्याच्या आसपास. काय बिघडले?

काहीच बिघडले नव्हते. वीज फक्त त्या तारेतून वाहत नव्हती. ती बिस्मथमधून, सांध्यांमधून, सगळ्या उपकरणातून फिरून येत होती, आणि त्या सगळ्याचा स्वतःचा रोध होता. ओहमने हिशेब केला तेव्हा उपकरणाचा रोध त्याच तांब्याच्या तारेच्या सव्वावीस इंचांइतका भरला. म्हणजे २ इंचाची तार जोडली तेव्हा वीज खरे तर सव्वाबावीस इंच चालत होती, आणि १३० इंचाची जोडली तेव्हा १३० आणि सव्वावीस, म्हणजे १५० आणि पाव इंच. आता १५० आणि पाव भागिले सव्वाबावीस करा: पावणेसातच्या आसपास येते. आणि ३२६ आणि पाऊण भागिले साडेअठ्ठेचाळीस करा: तेही पावणेसातच्या आसपास! आठही तारांना हा हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडला. एक ठरावीक संख्या (त्या दिवशीची ७२८५) घ्यायची, तिला उपकरणाची आणि तारेची मिळून जी लांबी होते तिने भागायचे, की प्रवाह मिळतो. आजच्या भाषेत सांगायचे तर दाब भागिले एकूण रोध बरोबर प्रवाह. हाच ओहमचा नियम. त्यावरूनच दाब भागिले प्रवाह बरोबर रोध, आणि प्रवाह गुणिले रोध बरोबर दाब.

खरे तर इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या श्रीमंत आणि अबोल शास्त्रज्ञाला हे नाते १७८१ मध्येच दिसले होते. त्याच्याकडे प्रवाह मोजायचे साधन नव्हते, म्हणून तो विजेचा झटका स्वतःच्या अंगाला घेऊन किती जोरात बसला त्याचा अंदाज बांधी! पण त्याने ते छापलेच नाही. त्याच्या वह्या मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या, तोवर ओहमला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

ओहमला वाटले, आता आपले नशीब उघडले. त्याने शाळेतून अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा काढली, बर्लिनला भाऊ मार्टिनकडे गेला आणि पुस्तक लिहिले. ते १८२७ मध्ये छापून आले. या पुस्तकाच्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्याला आशा होती. जागा मिळाली नाही. बर्लिनच्या पोल नावाच्या प्राध्यापकाने पुस्तकावर कडक टीका लिहिली. त्या वेळच्या जर्मनीत पुष्कळ विद्वानांना निसर्गाचे कोडे तत्त्वज्ञानाने उलगडावे असे वाटे; त्यात हे समीकरणांनी भरलेले पुस्तक कोणाला रुचेना. मला विचाराल तर थोडा दोष ओहमचाही होता. उकळते पाणी, बर्फ आणि आठ तारा यांची गोष्ट त्याने पुस्तकात मागे ठेवली आणि पुढे केले ते अवघड गणित. एखाद्याने लाडू करून आणावेत आणि पाहुण्यांपुढे फक्त कृतीचा कागद ठेवावा, तसे झाले.

१८२८ च्या मार्चमध्ये ओहमने कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय एकोणचाळीस, लग्न केलेले नाही, हाती कायमचे काम नाही. पुढची पाच वर्षे त्याने बर्लिनमध्ये लष्करी शाळेत गणिताचे थोडे तास घेऊन काढली. १८३३ मध्ये न्यूरेम्बेर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली, ती त्याला हवी होती तशी नव्हती, पण पोटाची चिंता मिटली. तिथे तो सोळा वर्षे शिकवत राहिला.

दरम्यान इतर देशांत लोक स्वतः प्रयोग करून त्याच निष्कर्षाला येत होते. फ्रान्समध्ये पुइये याने जवळजवळ तेच काम केले, तेव्हा लोकांना त्या जर्मन मास्तराची आठवण झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ओहमला आपले मानाचे कॉप्ली पदक दिले. त्याच वर्षी त्याच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले. १८४३ मध्ये व्हीटस्टनने लंडनमध्ये रोध मोजायच्या पद्धतींवर व्याख्यान देऊन ओहमचे काम इंग्रजांना समजावून सांगितले. मायदेशात मात्र विद्यापीठाची जागा मिळायला आणखी बराच काळ गेला.

याच सुमारास इंग्लंडमधल्या एका दारू गाळणाऱ्याच्या मुलाने, जेम्स जूलने, गोष्ट पुढे नेली. त्याने तारेची गुंडाळी पाण्यात बुडवली, तिच्यातून वीज सोडली आणि थर्मामीटरने पाणी किती तापते ते पाहिले. १८४१ मध्ये छापलेला त्याचा निष्कर्ष असा की उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या प्रमाणात निर्माण होते. ओहमच्या नियमाशी हे जोडले की शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह हे आपोआप निघते. केटलचा पहिला भागाकार आपण यावरून केला. शक्तीचे माप वॅट हे नाव मात्र १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने सुचवले, वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटवरून.

प्रवाहाचा वर्ग ही बाब घरात फार महत्त्वाची आहे, म्हणून हा हिशेब नीट पाहा. आपल्याकडच्या तीन पिनांच्या प्लगची मर्यादा १३ अँपिअर आहे. एका भिंतीच्या पॉइंटला एक्स्टेन्शन बोर्ड लावला आणि त्यावर एकाच वेळी केटल (१० अँपिअर), ११५० वॅटची इस्त्री (५ अँपिअर) आणि ६९० वॅटचा राइस कुकर (३ अँपिअर) लावले. तिन्ही प्रवाह बोर्डाच्या एकाच वायरीतून येतात: १८ अँपिअर. समजा त्या वायरीचा रोध अवघा ०.१ ओहम आहे. एकटी केटल असताना वायरीत १० गुणिले १० गुणिले ०.१, म्हणजे १० वॅट उष्णता निर्माण होत होती. आता १८ गुणिले १८ गुणिले ०.१, म्हणजे ३२.४ वॅट. प्रवाह दुपटीलाही पोचला नाही आणि उष्णता तिपटीच्या वर गेली. ही उष्णता वायरीच्या प्लॅस्टिकखाली कोंडलेली असते. वायर गुंडाळून ठेवलेली असेल किंवा गालिच्याखाली असेल तर आणखीच वाईट. प्लगमधला १३ अँपिअरचा फ्यूज यासाठीच असतो, पण मर्यादेच्या थोडासाच वर प्रवाह असेल तर तो लगेच उडत नाही. म्हणून बोर्डावर काही लावण्याआधी पट्टीवरचे वॅट वाचून बेरीज करायला शिका. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही हे करून दाखवा.

हा नियम धातूच्या तारेला चांगला लागू पडतो, तोही तिचे तापमान फारसे बदलत नसताना. एलईडी दिवा किंवा फोनचा चार्जर यांना दाब निम्मा केला की प्रवाह निम्मा होईल असे समजू नका.

आता पुन्हा ओहमकडे, पण सिंगापूरच्या वाटेने. ओहमला पदक मिळाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, इथे काम केलेल्या डॉ. विल्यम माँटगोमेरी याने लंडनला एका झाडाच्या चिकाचे नमुने पाठवले. इथले मलाय लाकूडतोडे त्या चिकापासून पराँगच्या मुठी बनवत. तो गरम पाण्यात मऊ होतो, हवा तसा आकार घेतो आणि थंड झाला की घट्ट होतो. झाडाचे नाव तबान आणि चिकाचे नाव गेताह पेर्चा. मराठीत आपण त्याला गटापर्चा म्हणतो. थोड्याच वर्षांत लक्षात आले की गटापर्चातून वीज जवळजवळ जातच नाही, म्हणजे त्याचा रोध प्रचंड, आणि समुद्राच्या पाण्याने तो खराबही होत नाही. तांब्याच्या तारेवर गटापर्चाचे वेष्टण चढवले की ती समुद्राखालून नेता येते! १८५१ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये अशी तार पडली. गटापर्चाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते सिंगापूर. चीक काढायला पूर्ण झाड पाडत, त्यामुळे या बेटावरची तबानची झाडे बघता बघता जवळजवळ संपली, ही त्यातली दुःखाची बाजू.

ओहम १८४९ मध्ये म्यूनिकला गेला आणि १८५२ मध्ये तिथल्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. ज्या जागेसाठी त्याने पुस्तक लिहिले होते ती पंचवीस वर्षांनी मिळाली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ती त्याला दोनच वर्षे लाभली. ६ जुलै १८५४ रोजी म्यूनिकमध्ये त्याचे निधन झाले. त्याच काळात हिंदुस्थानात कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणाऱ्या तारायंत्राचे काम चालू होते. १८५५ च्या फेब्रुवारीत ती सेवा सर्वांसाठी खुली झाली.

आपल्या भागाकाराला किती किंमत आहे, हे कळले ते ओहम गेल्यानंतर. १८५८ मध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकली. संदेश फार हळू जात होते. तिथला विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस हा मूळचा शल्यवैद्य. त्याने ठरवले की दाब वाढवावा, आणि सुमारे २००० व्होल्टपर्यंत नेला. आधीच कुठे कुठे कच्चे राहिलेले वेष्टण फुटले आणि काही आठवड्यांत तार कायमची मुकी झाली. केवढा पैसा समुद्रात गेला! १८५९ मध्ये सिंगापूर ते बटेव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, अशी तार पडली, तीही वारंवार तुटून लवकरच निकामी झाली. मग मात्र तार टाकण्याआधी तिचा मैलन्मैल मोजून घ्यायचा आणि प्रत्येक मैलाचा रोध लिहून ठेवायचा असे सुरू झाले. १८७० मध्ये एडनहून मुंबईपर्यंत तार आली. १८७१ मध्ये मद्रासहून पिनांगमार्गे सिंगापूरपर्यंत आली. त्या वर्षापासून मुंबईचा निरोप सिंगापूरला तारेने येऊ लागला.

तार समुद्रात तुटली तर कुठे तुटली हे कसे कळणार? पाणबुडे पाठवून शोधणे शक्यच नाही. उत्तर ओहमच्या भागाकारात आहे. समजा तारेचा रोध दर मैलाला ४ ओहम आहे. किनाऱ्यावर बसून तारेला ४८ व्होल्टचा दाब दिला आणि प्रवाह भरला ०.१ अँपिअर. ४८ भागिले ०.१ बरोबर ४८० ओहम. ४८० भागिले ४ बरोबर १२०. म्हणजे तार किनाऱ्यापासून १२० मैलांवर तुटली आहे. जहाजाला तिकडे पाठवा. प्रत्यक्षात तुटलेल्या टोकाचाही काही रोध असतो आणि तो वजा करावा लागतो, पण रीत हीच. ओहमने आपल्या उपकरणाचे सव्वावीस इंच वेगळे काढले होते, तेच हे काम.

इंजिनिअर एकमेकांशी बोलू लागले तेव्हा सर्वांचे माप एक असणे भाग पडले. इंग्लंडमध्ये १८६१ मध्ये त्यासाठी समिती बसली, आणि १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेत नावे पक्की झाली. दाबाला इटलीचा व्होल्टा, प्रवाहाला फ्रान्सचा अँपिअर, रोधाला जर्मनीचा ओहम.

आता तुमचे काम. ओहमच्या ३४ इंचाच्या तारेला किती माप आले असेल? ७२८५ ला, ३४ अधिक सव्वावीस यांच्या बेरजेने भागा. त्याने त्या दिवशी प्रत्यक्ष मोजलेला आकडा होता एकशे साडेचौतीस. तुमचे उत्तर त्याच्या किती जवळ येते ते वहीत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा. मोठ्या मुलांनी ६६ इंचाचेही करावे. तिथे त्याने सव्वात्र्याऐंशी मोजले होते, आणि तुम्हाला थोडा फरक दिसेल.